विचार करून या, मग बोलू

कोल्हापुरात कुणाला सांगितलं की मी आता कॅथलिक झालेय, तर पहिला प्रश्न ठरलेला, "म्हणजे तुम्ही आधी ख्रिश्चन नव्हता?" होते की. पणजोबांपासून आम्ही प्रॉटेस्टंट मिशनचे. आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा, "मग परत बाप्तिस्मा घेतला काय?" नाही घेतला. हे दुसरं उत्तर माझ्यासाठी फार मोठं आहे, खरंतर त्याच्यासाठीच लिहायला बसलेय, पण ते नीट कळायचं तर मोठ्या माणसाला कॅथलिक व्हायला काय काय तयारी करावी लागते ते आधी सांगावं लागेल, कारण आपल्याकडे अजून लोकांना वाटतं की चर्चमध्ये गेलं, डोक्यावर पाणी पडलं, नाव बदललं, संपलं. तसं अजिबात नसतं.

आधी आमच्या घराचं सांगते. कोल्हापूरचा ख्रिस्ती समाज मुख्यतः अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनचा. मिशनरी रॉयल वायल्डर साहेब १८५२ साली इथं आले, त्यांचा मुलगा रॉबर्ट १८६३ साली इथंच जन्मला आणि पुढं तो जगभरच्या विद्यार्थी मिशन चळवळीतलं मोठं नाव झाला. मिरजेला डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ मध्ये हॉस्पिटल सुरू केलं, आमच्या नात्यातल्या कितीतरी बायका तिथंच नर्सिंग शिकल्या. रविवारची उपासना, पाळकसाहेबांचा उपदेश, पेटी-तबल्यावर ना. वा. टिळकांची गाणी, ठरलेल्या रविवारी प्रभुभोजन, आणि घरात आजोबांचं काळ्या कव्हरचं पवित्र शास्त्र, ज्याला जेवणाच्या हातानं शिवायचं नाही. मरिया आमच्याकडे फक्त नाताळच्या नाटकात यायची. जपमाळ, पुतळे, मेणबत्त्या हे सगळं "रोमन लोकांचं". आजोबांच्या बोलण्यात राग नसायचा पण अंतर असायचं.

आणि मी लग्न केलं आजऱ्याच्या कॅथलिक मुलाशी. आजरा-चंदगडकडचे हे लोक मूळ गोव्याकडचे, घरात अजून कोकणी बोलतात, सासूबाई मला रागावताना मराठीत रागवायच्या आणि लाडात आल्या की कोकणीत. लग्नाच्या वेळी मला कुणी म्हणजे कुणीही म्हणालं नाही की तू कॅथलिक हो. मी बाप्तिस्मा झालेली ख्रिस्ती, त्यामुळे बिशपांची परवानगी काढली आणि चर्चमध्ये लग्न लागलं. म्हणजे लग्नासाठी धर्म बदलला असं जे लोक परस्पर ठरवून टाकतात ते माझ्या बाबतीत खोटं आहे, हे एकदा स्पष्ट लिहून ठेवते.

मग का? दोन गोष्टी. एक म्हणजे कम्युनियन, ख्रिस्ताचा देह म्हणून जी भाकर घेतात ती. मिस्सेला, म्हणजे कॅथलिकांच्या उपासनेला, आम्ही सगळे एका बाकावर बसायचो, आणि कम्युनियनची वेळ आली की नवरा उठायचा, मुलं मोठी झाल्यावर तीही उठायला लागली, आणि कॅथलिक नसल्यानं मी गुडघे बाजूला घेऊन त्यांना वाट करून द्यायचे. योहानाच्या सहाव्या अध्यायात येशू म्हणतो की माझा देह हे खरं खाणं आहे, आणि ते ऐकून पुष्कळ शिष्य "हे फार कठीण वचन आहे" म्हणून निघून जातात. तो त्यांना परत बोलावून "अरे मी नुसतं उपमेनं बोललो" असं सांगत नाही, जाऊ देतो. हा अध्याय मी लहानपणापासून कितीदा वाचला असेन, पण त्या बाकावर बसून तो वेगळाच ऐकू यायला लागला.

दुसरी गोष्ट पप्पा गेल्यावरची. आमच्यात मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करत नाहीत. तो प्रभूकडे गेला, आता आपलं काम संपलं. तेव्हा मला ते पटलेलंच होतं. पण २ नोव्हेंबरला, सर्व मृतांच्या स्मरणदिनाला, सासऱ्यांनी त्यांच्या घरातल्या गेलेल्या माणसांच्या यादीत माझ्या पप्पांचं नाव स्वतःच्या हातानं लिहून चर्चमध्ये दिलं, मला न विचारता, आणि मिस्सेत ते वाचलं गेलं. प्रेस्बिटेरियन माणसाचं नाव, सावंत-फर्नांडिसांच्या मध्ये. मला रडू आवरेना. पप्पांसाठी मला अजून काहीतरी करता येतं, हे मला कुणी आधी सांगितलंच नव्हतं. नंतर कळलं की आजोबांच्या शास्त्रात ६६ पुस्तकं आहेत आणि कॅथलिक बायबलमध्ये ७३, आणि त्या जास्तीच्या ७ मध्ये मक्काबींचं दुसरं पुस्तक आहे, जिथं यहुद्यांचा सेनापती यहूदा मक्काबी लढाईत पडलेल्या सैनिकांसाठी अर्पण करायला पैसे गोळा करून यरुशलेमला पाठवतो. ती सात पुस्तकं मी त्या पावसाळ्यात एकापाठोपाठ एक वाचून काढली.

मग मी फादरांना जाऊन सांगितलं, मला कॅथलिक व्हायचंय. मला वाटलं खूश होतील. ते म्हणाले, "बसा. चहा घ्या. का व्हायचंय?" मी वरचं सगळं सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "छान. घरी जा, आईशी बोला, तुमच्या पाळकांशी बोला. विचार करून या, मग बोलू." मला तेव्हा थोडं लागलं. दार उघडून आत घ्यायच्या ऐवजी हे परत का पाठवतायत? आता वाटतं, त्या एका वाक्यात माझा जेवढा मान राखला गेला तेवढा कुठल्याही स्वागतात राखला गेला नसता.

वर्ग रविवारी मिस्सेनंतर असायचा, मागच्या खोलीत, प्लास्टिकच्या खुर्च्या, फळा, आणि शिकवायला एक सिस्टर, कधी फादर. माझ्याबरोबर तिथं एक पोरगा होता. करवीर तालुक्यातल्या गावचा, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला, हिंदू घरातला. त्याचा रूम पार्टनर आजऱ्याचा, त्याच्याबरोबर तो एकदा सहज मिस्सेला आला आणि येतच राहिला. सिस्टरनी विचारलं का येतोस, तर म्हणाला, "सांगता येत न्हाई सिस्टर, पण हितनं गेलो की मी वाईट वागत न्हाई." सिस्टरनी ते वहीत लिहून घेतलं. तेव्हा मला त्या लिहून घेण्याचं नवल वाटलं होतं.

नंतर कळलं की कारण विचारणं हे या तयारीतलं पहिलं काम आहे, आणि ते फार जुनं आहे. जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६५ मध्ये मिशनकार्यावरचा जो दस्तऐवज काढला त्यात साफ म्हटलंय की कुणालाही श्रद्धा स्वीकारायला भाग पाडणं किंवा आडमार्गानं भुलवून आणणं चर्चला सक्त मना आहे, आणि येणाऱ्याचा हेतू तपासावा, गरज पडली तर तो शुद्ध करावा. चर्चच्या कायद्यातही कलम आहे, ७४८ वं, की माणसाच्या सदसद्विवेकाविरुद्ध त्याला कॅथलिक करायचा अधिकार कुणालाही कधीही नाही. हे वाचताना मला सासरच्या लोकांचा इतिहास आठवत होता. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात सगळंच असं मनापासून आणि विचार करून झालं नाही हे उघड आहे, १५६० पासून तिथं इन्क्विझिशनही, म्हणजे लोकांच्या श्रद्धेची चौकशी करून शिक्षा देणारं धर्मन्यायालय, होतं. म्हणून ही १९६५ ची वाक्यं मला नुसती कागदी नियमासारखी वाटत नाहीत, चर्चनं स्वतःलाच घालून घेतलेली शपथ वाटतात. आणि आपल्या घटनेचं कलम २५ सदसद्विवेकाचं जे स्वातंत्र्य देतं, त्याचीच ही आतली बाजू आहे असं मी मानते.

मध्येच एक सांगून टाकते. वर्गाच्या सुरुवातीला आणखी एक माणूस यायचा, अनुसूचित जातीतला, शिकलेला. फादरांनी त्याला पहिल्याच भेटीत १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश समजावून सांगितला, की हिंदू, आणि नंतर १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध, यांनाच अनुसूचित जातीचा दर्जा राहतो, ख्रिस्ती झाल्यावर जातो, तुझ्या मुलांच्या शिक्षणावर परिणाम होईल, घरी बसून हिशोब कर. तो नंतर आला नाही. कुणीही त्याला फोन करून बोलावलं नाही. जात ही धर्म बदलल्यानं अंगावरून गळून पडत नाही हे सगळ्या महाराष्ट्राला माहितीय, तेव्हा हा नियम अन्यायाचा आहे असं माझं ठाम मत आहे, पण फादरांनी ते त्याला आधीच सांगितलं, नंतर नाही, हे मला फार बरोबर वाटलं.

तर आमची तयारी. पहिल्या शतकांमध्ये ही तयारी दोन-तीन वर्षं चालायची, तिसऱ्या शतकाच्या सुमाराचे म्हणून जे नियम मिळतात त्यांत तीन वर्षं असंच आहे, आणि पुढं लिहिलंय की माणूस मन लावून करत असेल तर वेळ बघू नका, वागणूक बघा. माणूस काय धंदा करतो, कसा वागतो, विधवांना मान देतो का, आजाऱ्यांना भेटायला जातो का, हे सगळं विचारायचे. पुढं मोठा संत झालेला, मोनिकेचा मुलगा ऑगस्टिन तर लहानपणापासून दीक्षार्थी, म्हणजे बाप्तिस्म्याच्या तयारीतला, म्हणून नोंदलेला होता आणि शेवटी ३८७ च्या ईस्टरच्या रात्री मिलानमध्ये बिशप अँब्रोजच्या हातून त्याचा बाप्तिस्मा झाला, त्याच्या मुलाबरोबर. मग पुढं जन्मलेल्या बाळांचे बाप्तिस्मे हीच रीत झाली आणि मोठ्यांची ही वाट हळूहळू बुजली. ती व्हॅटिकन परिषदेनं परत उघडायला सांगितली आणि १९७२ मध्ये रोमनं त्याचा पूर्ण विधी प्रसिद्ध केला. आज आमच्यासारख्या लॅटिन रीतीच्या कॅथलिक चर्चमध्ये मोठा माणूस येतो तो याच विधीनं, आमच्या त्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवरही तेच चाललं होतं.

पण त्यात आम्हा दोघांच्या वाटा वेगळ्या होत्या, आणि इथंच मला ते उत्तर मिळालं. पहिल्याच महिन्यात सिस्टरनी मला सांगितलं, "तुमचा बाप्तिस्मा झालाय. पाण्यानं झालाय, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावानं झालाय. तो एकदाच होतो. तुम्ही दीक्षार्थी नाही, तुम्ही आमची बहीण आहात, फक्त ताट वेगळं होतं." चर्चच्या नियमात तर असं आहे की आधीच्या बाप्तिस्म्याबद्दल खरी, गंभीर शंका असल्याशिवाय तो परत अटीवरसुद्धा द्यायचा नाही. आणि आलेल्या माणसावर प्रेषितांच्या कृत्यांतल्या पंधराव्या अध्यायाप्रमाणे जरुरीपेक्षा जास्त ओझं लादायचं नाही, हे विधीच्या पुस्तकातच लिहिलेलं आहे.

मी काय भीती घेऊन बसले होते ते मला तोवर नीट कळलंच नव्हतं. मला वाटत होतं की कॅथलिक व्हायचं म्हणजे पप्पांचं, आजोबांचं सगळं खोटं होतं असं कुठंतरी सही करून द्यायचं. आणि इथं मला दाखला आणायला सांगितला! जुन्या चर्चमधून बाप्तिस्म्याचा दाखला. मी गेले, सेक्रेटरींनी जुनं रजिस्टर काढलं, कडा पिवळ्या पडलेल्या, त्यात माझं नाव, आईचं, पप्पांचं, आणि त्या वेळच्या पाळकांची सही. पाळकसाहेबांनी दाखला दिला, वाईट वाटल्याचं लपवलं नाही, पण म्हणाले, "प्रभूला सोडू नको म्हणजे झालं." तो कागद कॅथलिक चर्चच्या फाइलमध्ये गेला. आजोबांच्या मिशनची सही तिथं पुरावा म्हणून लागलीय, तिच्यावाचून माझं पुढचं काही झालंच नसतं.

त्या पोराची वाट लांब. त्याला चर्चच्या दाराशी उभं केलं, सगळ्या लोकांसमोर विचारलं, देवाच्या चर्चकडे तू काय मागतोस? उत्तर, श्रद्धा. श्रद्धा तुला काय देते? सार्वकालिक जीवन. मग त्याच्या कपाळावर क्रूसाची खूण, कानांवर, डोळ्यांवर, ओठांवर, छातीवर, खांद्यांवर. ती खूण फादरांबरोबर त्याच्या रूम पार्टनरनंही केली, कारण तो त्याचा साक्षीदार, पुढं धर्मपिता होणार होता. धर्मपिता व्हायला सोळा वर्षं पूर्ण, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतर तेल लावून श्रद्धा पक्की करायचा संस्कार) झालेलं आणि स्वतःचं वागणं नीट असावं लागतं, आणि मला वाटतं त्या वर्षात तो आजऱ्याचा पोरगाच जास्त बदलला, रात्रपाळी करून सकाळी थेट मिस्सेला यायला लागला.

त्या दिवसापासून तो पोरगा कॅटेक्युमन. म्हणजे अजून बाप्तिस्मा नाही पण चर्चनं त्याला आपल्या घरातला धरलाय, इतका की त्याला काही झालं असतं तर त्याला ख्रिस्ती अंत्यसंस्काराचा हक्क होता. आणि गंमत बघा, मिस्सेत उपदेशापर्यंत तो बसायचा आणि मग फादर त्याला आशीर्वाद देऊन मागच्या खोलीत सिस्टरबरोबर पाठवायचे, त्या दिवशीच्या वचनावर बोलायला. मी मात्र बाकावर बसून राहायचे. खायला दोघांनाही मिळत नव्हतं, पण मला आत ठेवलं होतं. मी त्याला विचारलं एकदा, बाहेर जाताना वाईट वाटत नाही का. तर म्हणाला, "आक्का, आमच्यात नॉकआऊट घाईनं केला की कास्टिंगला क्रॅक जातोय. गार होऊस्तवर साचा फोडायचा नसतोय." आणि निघून गेला.

काय शिकवतात वर्गात? विश्वासांगीकार, म्हणजे आम्ही काय मानतो त्याचा ठरलेला मजकूर, ओळीओळीनं, सात संस्कार, दहा आज्ञा, प्रार्थना. ते पुस्तकातही मिळतं. मला खरं अवघड गेलं ते मरियेचं. शेजारच्या काकू प्रेमानं म्हणायच्या, "तुमची मरियाआई म्हणजे आमची आंबाबाईच की गं." आंबाबाईच्या गावात राहून हे वाक्य येणारच, आणि त्यांना ते आदरानंच म्हणायचं असतं. पण माझं आतलं प्रेस्बिटेरियन मन दचकायचं. सिस्टर म्हणाल्या, आम्ही तिची आराधना करत नाही, आराधना देवाची, तिला आम्ही विनंती करतो, तुम्ही आत्याला म्हणता ना माझ्यासाठी प्रार्थना कर, तशी. बरेच दिवस मी जपमाळ फक्त हातात धरून बसायचे, म्हणायचे काहीच नाही. सिस्टर म्हणाल्या चालतंय, धरा नुसती.

त्या पोराच्या गावात मात्र बोलणी सुरू झाली होती. कुठल्या पोरीचा नाद आहे काय, पैसे किती मिळाले, नाव काय ठेवणार. नाव तर बदलावंच लागत नाही, नियम एवढाच की नाव ख्रिस्ती भावनेशी विसंगत नसावं, त्यानं आपलं मराठी नावच ठेवलं. चुलते मंडळी आईला धरून बसली तेव्हा ती माऊली म्हणाली, "त्यालाच इचारा. त्यो काय आता ल्हान न्हाई." तिला हे आवडलं होतं असं नाही. देवघरात तिनं त्याच्या नावानं दिवा लावणंही सोडलं नाही. पण ती एकदा चर्चला आली, वेदीजवळ समई तेवत होती, लोक हात जोडून उभे होते, आणि तिचा चेहरा जरा सैल झाला. १९६९ मध्ये रोमनं भारतातल्या चर्चला हात जोडून नमस्कार, दिवे, आरती असे १२ बदल मान्य केले होते, ते वाचताना मला एवढं काही वाटलं नव्हतं, त्या आईला समईकडे बघताना बघून वाटलं.

मग उपवासकाळ, ईस्टरआधीचे चाळीस दिवस. राखेचा बुधवार झाला, सासरच्या रिवाजाप्रमाणे घरात मटण बंद, कोल्हापुरात तांबड्या-पांढऱ्याशिवाय एवढे आठवडे काढणं म्हणजे काय हे कोल्हापूरकरच जाणे. पहिल्या रविवारी सावंतवाडीला जायचं होतं. कोल्हापूर आधी पुणे धर्मप्रांतात, म्हणजे पुण्याच्या बिशपांच्या हद्दीत होतं, २००५ मध्ये सिंधुदुर्ग धर्मप्रांत झाला, त्याचं कॅथेड्रल, बिशपांचं मुख्य चर्च, सावंतवाडीला. आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून गेलो, तो पोरगा, त्याचा साक्षीदार, आम्ही सगळे एका गाडीत. तिथं बिशप साक्षीदारांना विचारतात, या माणसानं वचन नीट ऐकलंय का, तसं जगायला लागलाय का? साक्षीदारांनी हो म्हटल्यावर मग उमेदवाराला विचारतात, आणि त्याचं नाव निवडलेल्यांच्या वहीत लिहिलं जातं. शिकवलेलं पाठ आहे का हे कुणी विचारलं नाही, तसं जगतोय का एवढंच विचारलं, आणि तेही आधी दुसऱ्याला. आपल्या सगळ्या शाळा-कॉलेजांच्या परीक्षांत असं कधी झालं नाही.

उपवासकाळाच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या रविवारी निवडलेल्यांसाठी खास प्रार्थना असतात, आत जे दुबळं आहे ते उघडं पडावं आणि बरं व्हावं म्हणून. तीन शुभवर्तमानं ठरलेली, विहिरीवरची शोमरोनी बाई, जन्मांध माणूस, आणि लाजर. चौथ्या रविवारी जन्मांधाचा भाग वाचला गेला. त्याला दिसायला लागल्यावर परूशी, म्हणजे तेव्हाचे कर्मठ धर्मपुढारी, त्याच्या आईबापाला धरून विचारतात, हे कसं झालं, तर ते भिऊन म्हणतात, तो वयात आलेला आहे, त्यालाच विचारा. मी वळून त्या पोराकडे बघितलं. तो खाली मान घालून रडत होता.

माझ्यापुढं एक डोंगर होता, कन्फेशन, म्हणजे धर्मगुरूसमोर आपली पापं कबूल करणं. हीसुद्धा आमच्या वाटांतली फारकत. त्याला कन्फेशन नव्हतं, बाप्तिस्म्यानं मागचं सगळं धुतलं जातं. माझा बाप्तिस्मा होऊन जन्म लोटला होता, त्यानंतरचं सगळं माझ्या खात्यावर होतं, त्यामुळे स्वीकाराआधी मला आयुष्यातलं पहिलं कन्फेशन करायचं होतं. आमच्यात पाप थेट देवाला सांगतात. मी सांगतही आले होते, पण देवाला सांगताना मी फार भरभर सांगायचे हे मला त्या दिवशी कळलं. माणसासमोर आवाज काढून सांगताना एकेक शब्दाला वजन येतं. आत काय बोलले ते इथं लिहिणार नाही. बाहेर आल्यावर नवऱ्यानं काही विचारलं नाही, मला घेऊन रंकाळ्यावर गेला आणि आम्ही बराच वेळ चाललो.

ईस्टर हा वसंतविषुवानंतरच्या पौर्णिमेनंतरचा रविवार, आणि आपल्याकडे बहुतेक वर्षी तीच चैत्र पौर्णिमा असते, जोतिबाच्या यात्रेची. त्यामुळे त्या आठवड्यात सगळ्या रस्त्यांनी सासनकाठ्या, गुलाल, "चांगभलं", आणि त्या गर्दीतून आम्ही शनिवारी रात्री चर्चला. अंधारात बाहेर आग पेटवली, त्यावर पास्काची, म्हणजे ईस्टरची, मोठी मेणबत्ती, तिच्यावरून सगळ्यांच्या मेणबत्त्या. उत्पत्तीपासून एकेक वाचन. मग तो पोरगा पुढं गेला. सैतानाला नकार, श्रद्धेचे प्रश्न, आणि तीनदा पाणी. पांढरं वस्त्र. लगेच दृढीकरण, कपाळावर ख्रिस्म नावाचं पवित्र तेल, आणि त्याच मिस्सेत त्याची पहिली कम्युनियन. त्याची आई मागच्या बाकावर बसली होती, शेवटपर्यंत. मला त्या रात्री त्याचा हेवा वाटला, सरळ सांगते, कारण मी अजून थांबले होते. बाप्तिस्मा झालेल्यांचा स्वीकार आणि नव्यांचा बाप्तिस्मा यांची गल्लत होऊ नये म्हणून फादरांनी माझा दिवस वेगळा ठेवला होता, ईस्टरनंतरच्या एका रविवारी.

माझा विधी छोटा. पवित्र कॅथलिक चर्च जे जे देवानं प्रकट केलेलं म्हणून मानतं, शिकवतं आणि जाहीर करतं ते सगळं मी मानते आणि पत्करते, अशा अर्थाचं एक वाक्य. फादरांनी स्वीकारलं, तेव्हाच दृढीकरण दिलं, स्वीकार करणाऱ्या धर्मगुरूला त्या वेळी तो अधिकार असतो. मागच्या चुकांबद्दल, आधीच्या चर्चबद्दल एक शब्द नाही, नाकारायला काही सांगितलंच नाही. आई आली होती. आत्या आली नाही.

आत्याचं मला लागलेलं आहे आणि ते अजून सुटलेलं नाही. नाताळला मी आईबरोबर जुन्या चर्चला गेले, गाणी सगळी तोंडपाठ, पण प्रभुभोजनाचं ताट फिरत आलं तेव्हा मला ते पुढं द्यावं लागलं, कारण कॅथलिक झाल्यावर मी तिथं घेऊ शकत नाही. आत्यानं बघितलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "आता आमची भाकरी तुला चालत नाही होय?" मी समजावायला गेले आणि शब्द सापडले नाहीत. १९६४ मध्ये व्हॅटिकन परिषदेनं म्हटलंय की बाप्तिस्मा झालेले सगळे एकमेकांशी जोडलेले आहेत, जोड खरी पण अजून अपुरी. ते अपुरं म्हणजे काय ते आत्याच्या तोंडावर दिसतं. तयारीच्या वर्षात हे मला फादरांनी स्पष्ट सांगितलं होतं, किंमत सांगूनच मला आत घेतलं, पण सांगितल्यानं दुखायचं थांबत नाही. मी तिच्याकडे दर आठवड्याला जाते, ती चहा करते, आम्ही या विषयावर बोलत नाही.

वर्ग ईस्टरला संपला असं वाटलं होतं, तर सिस्टर म्हणाल्या, आता तर खरं सुरू होतंय. पेन्टेकॉस्टपर्यंतचे, म्हणजे पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंतचे, पन्नास दिवस नव्या लोकांना, जे झालं ते उलगडून सांगायचं. अँब्रोजही तसंच करायचा, संस्कारांचा अर्थ बाप्तिस्म्यानंतरच्या आठवड्यात, आधी नाही. आधी घडू दे, मग बोलू. त्या पोराचे प्रश्न आता वेगळे होते. गावच्या यात्रेत वर्गणी द्यायची का? आईनं प्रसाद हातावर ठेवला तर? घरातल्या लग्नात कुठवर उभं राहायचं? फादरांनी सगळ्याला एकच उत्तर दिलं नाही, एकेक प्रश्न घेऊन बसले. वर्गणीतून गावचं जेवण होतं तर दे. आईचा मान कुठंही मोडू नको. पूजेला बसू नको, पण बसत नाही हे नीट, आवाज न चढवता सांग. काही प्रश्नांना ते म्हणाले, "हे तू आणि मी दोघं मिळून शोधू."

आता पावसाळ्यात परत वर्ग सुरू झालाय आणि सिस्टरनी मला मदतीला बोलावलंय. राजारामपुरीतल्या एक बाई येतात, निवृत्त शिक्षिका, नवरा गेलेला, मुलगा पुण्यात. त्यांना घाई आहे, म्हणतात माझं वय बघा, मला लवकर द्या. गेल्या रविवारी त्यांना फादरांकडे घेऊन गेले. फादरांनी चहा मागवला, विचारलं, का व्हायचंय, मुलाशी बोललात का. त्या म्हणाल्या नाही बोलले, तो चिडेल. फादर म्हणाले आधी त्याच्याशी बोला. बाई रिक्षात माझ्यावर थोड्या रुसल्याच होत्या. मी त्यांना सांगितलं, त्या फोनच्या वेळी मी तुमच्याशेजारी बसते, हवं तर. त्यांनी शनिवारी संध्याकाळी बोलावलंय, मुलाला त्या वेळी सुट्टी असते.